वर्खाचं पान

वोल्फ्सबुर्ग, ३ सप्टेंबर २०२४

ती. वसुधाताईस,
शि. सा. न. वि. वि.

काचेची बरणी कापून घासली, गंधक वितळवून टोपण ओतलं, पितळी दांडी कातली आणि तू पाठवलेल्या पेढ्यांच्या वर्खाचं पान तिला चिकटवलं. सगळं या हातांनी, कुणी न शिकवता. सव्वाशे वर्षांपूर्वी असल्याच विद्युतदर्शक यंत्रांनी शास्त्रज्ञांनी थोरियमची किरणं टिपली. घासलेला कंगवा लावला की पान दांडीपासून वर उठतं. किरणं सोडणारी वस्तू जवळ आणली की खाली येतं.

माझं पान मात्र जवळ काही नसताना पडतं. अठ्ठावीसला उर्जाला हे शाळेत सर्वांसमोर दाखवायचंय. बरणीच्या तळाशी मऊ कापड तिनेच अंथरलं होतं, म्हणून मी म्हणालो, तुझाच ओला हात पानाला लागला असणार. तेव्हापासून लेक केलरची, म्हणजे तळघरातल्या माझ्या कामाच्या खोलीची, पायरी उतरत नाही. बोलायला गेलं तर जर्मनमध्ये एका शब्दात उत्तर. शाळेला ‘जमणार नाही’ असं कळवावं लागेल बहुतेक.

तुझा लोभ आहे, तो असाच राहू दे.
प्रताप

कराड, १४ सप्टेंबर

चि. प्रतापास,
अनेक आशीर्वाद.

पोरीवर आळ घेण्याआधी स्वतःचे कान धर. लहानपणी रेडिओ उघडलास आणि स्क्रू उरले, तेव्हाही दोष मांजराचाच होता!

तुझं गंधकबिंधक मला कळत नाही. एवढंच सांग, वर्ख हलू नये म्हणून डब्यात बाबांच्या पेट्रोमॅक्स बत्तीच्या कोऱ्या जाळ्या कोंबल्या होत्या, त्यांचं काय केलंस? टाकू नकोस हो, तसल्या आता मिळत नाहीत.

लोभात काटकसर नको.
ताई

वोल्फ्सबुर्ग, ३० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न.

ते मऊ कापड म्हणजेच त्या जाळ्या! उर्जाने पेट्रोमॅक्स जन्मात पाहिलेली नाही. तिने उलगडून दाबून बसवल्या, मलाही ओळखू आल्या नाहीत. जुन्या जाळ्यांत थोरियम असतं. म्हणजे यंत्र पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होतं आणि मी पोरीचे हात तपासत बसलो.

तिच्याजवळ चूक कबूल केली. ‘गेनाऊ’, अगदी बरोबर, एवढंच म्हणाली, आणि माझ्याआधी केलरमध्ये उतरली.

शनिवारी तिने आधी जाळीशिवाय पान उभं राहिलेलं दाखवलं. मग जाळी आत ठेवली. पान सावकाश खाली आलं, मागच्या बाकावरची माणसं उठून पुढे आली. जाळी कुठली, हेही तिने सांगितलं. सगळं जर्मनमध्ये, फक्त ‘आजोबा’ मराठीत.

तुझा लोभ वाढतोच आहे, वाढू दे.
प्रताप

ता. क. तिथे आलेल्या एका संग्राहकाने यंत्र जाळीसकट विकत मागितलं. उर्जाकडे पाहिलं आणि नाही म्हणालो. बाराशे युरो देत होता.