वाफेवर धरलेलं पाकीट

ते पाकीट तुम्ही माझ्या हातात द्यायला नको होतं. तुमचे स्वतःचे हात काय भाजले होते? पन्नास वर्षं होत आली, राग गेलेला नाही, म्हणून आधी तेच लिहिते. तुमची खुशाली विचारण्यात अर्थ नाही, अण्णा, तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली. मी ऑस्ट्रेलियात, डार्विनला, लेकीकडे असते. इथे आंबे रस्त्यावर पडून सडतात आणि कुणी उचलत नाही, एवढं सोडलं तर बरं चाललंय. एरवी मी फोनचं बटण दाबून बोलते आणि तो लिहून देतो. हे मात्र हाताने लिहितेय. पाचवीतून सुटलेलं अक्षर आहे, सांभाळून घ्या. फोनला काही सांगायचं नाही असं ठरवलंय, आणि का ते ऐका.

तुमची पणती सहा महिने अमेरिकेत शिकायला जायचं म्हणतेय. इथल्या युनीने, म्हणजे विद्यापीठाने, निवडलंय तिला, हुशार आहे, माझ्यासारखी तोंडाळही आहे. पण त्या देशाच्या व्हिसाच्या फॉर्मवर, गेल्या पाच वर्षांत फोनमध्ये जिथे जिथे खातं काढलं ते सगळं लिहून द्यायचं, आणि खाती उघडी ठेवायची, म्हणजे तिथल्या साहेबाला बसून वाचता येईल. तिथला अध्यक्ष सकाळी सही करतो, संध्याकाळी तो नियम होतो. मी तिला विचारलं, "याला विचारणारं कुणी नाही का?" म्हणाली, "कोर्ट आहे ना आजी. कधी थांबवतं, कधी नाही." "आणि निवडून दिलेली माणसं?" "ती टाळ्या वाजवतात." तिने एकदा आपल्या खात्यावर त्या अध्यक्षाचा, सही केलेला कागद उंच धरलेला फोटो टाकला होता. त्याखाली मी लिहिलं, पहिलीतलं पोर पाटी दाखवतंय जणू, याच्या हातात एवढं देऊ नका, उद्या तुमच्या चुलीपर्यंत येईल. मला वाटलं, आमच्या दोघींतलं आहे. तिकडून सिडनीच्या गिरावीन भागातल्या तिच्या मावश्यांनी हसरी तोंडं लावली, तेव्हा कळलं की सगळ्यांना दिसतं. मग तर मला चेव आला. वर्षभर लिहीत होते.

परवा लेक हॉस्पिटलच्या शिफ्टवरून आली ती चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "आई, तुझं ते सगळं काढून टाक. एक वाक्य कुणी वाचलं तर हिचा व्हिसा गेला." मी म्हटलं, "मराठीत आहे." "मशीन वाचतं आता मराठी." "मग ते माझ्यापेक्षा जास्त शिकलंय." नात समोर बसली होती, पर्थला व्हिसाची मुलाखत, तिची तारीख हातात घेऊन. "आजी, प्लीज. इट्स जस्ट कॉमेंट्स."

तेव्हा मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. आणीबाणी आहे, तेव्हाही दिल्लीत एक सही झाली होती. तुम्ही गावचे पोस्टमन. अर्ध्या गावाला वाचता येत नाही, म्हणून तुम्ही दारात उभं राहून त्यांची पत्रं वाचून दाखवता, आणि एकाचं दुसऱ्याला कधी सांगत नाही. गाव तुम्हाला मानतं ते त्यासाठी. त्या दिवशी साध्या कपड्यातला एक माणूस तुमच्याबरोबर घरी येतो, पाटावर बसतो, चहा मागतो. तुम्ही थैलीतून आमच्या गुरुजींचं पाकीट काढता आणि आधणावर धरायला मला देता, माझी बोटं बारीक म्हणून. गोंद सुटतो. आणि मग तुम्ही ते त्या माणसाला वाचून दाखवता, अगदी दारात वाचता तसंच, स्वच्छ आवाजात. गुरुजींच्या भावाला मुलगी झाली आणि पुस्तकं पोचली. एवढंच होतं त्यात. "पुस्तकं पोचली" त्याने दोनदा वाचायला लावलं. आठ दिवसांत गुरुजींना घेऊन गेले. मी तुम्हाला विचारलं, का वाचलंत? तुम्ही भिंतीकडे बघत बसलात आणि आईने उत्तर दिलं, "सरकारी नोकरी आहे, गप बस." वर्षाने गुरुजी सुटून आले, पुन्हा शिकवायला लागले. मी पुन्हा शाळेत गेले नाही. त्यांच्यासमोर हे हात घेऊन बसवेना. तुम्ही मात्र सगळ्यांना सांगत राहिलात, पोरीला डोकं नाही.

तर परवा मी फोन घेतला आणि एकेक पुसत गेले. वर्षभराचं बोलणं, तास लागला. नात म्हणाली, "थँक्यू आजी, यू आर द बेस्ट," आणि माझ्या गालाला गाल लावून गेली. पोरगी जावी असं मला मनापासून वाटतं, ती अडकली असती तर मी स्वतःला माफ केलं नसतं. पण अण्णा, तुमच्या पाटावर निदान एक माणूस येऊन बसला होता. माझ्याकडे कुणीच आलं नव्हतं. माझं लिहिलेलं कुठल्या साहेबाने मागितलंही नव्हतं. आणि पुसून झाल्यावर मी तिच्या मावश्यांना फोन करून म्हटलं, तुमची ती हसरी तोंडंही काढा. तेवढं सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

हे पत्र टाकायचं नाहीये, तुमच्या पेशावरचा माझा भरवसा तेव्हाच संपला. डब्यात, तांदळाखाली ठेवणार आहे. एक कबूल करते, पुसताना माझा हात थरथरला नाही. वाफेवरही थरथरला नव्हता. तुम्ही वाचून दाखवताना तुमचा आवाज कापला नाही, तो आतून कापत होता का, एवढंच मला हवंय. उत्तर तुम्ही द्यायचं. आईला पुढे करायचं नाही.