झाडून काढलेलं रान

सणसवाडी, १० मे २०२४

चि. मायास,

दादाचा जयभीम. आशीर्वाद रोजचेच, ते याच्यात धरून चाल.

फोनवर मी तुला बोलूच देत न्हाई म्हणतेस, म्हणून कागद घेतला. तुमच्या गटाचा सत्कार झकास झाला. तुमच्या बचत गटाच्या बायांनी गायरानाच्या उतारावर झाडं वाढवली खरी, पण खाली घोटाभर पालापाचोळा अन् वाळकं गवत. पाव्हणे बसवायचे कुठं? म्हटलं, कंपन्यांच्या साफसफाईचा ठेका घेणाऱ्या भावाचा काही उपयोग व्हावा. पोरांनी ब्लोअर मारला, गवत खरवडलं, पाला पेटवून दिला. ब्लोअरचं पेट्रोल संपलं म्हणून पलीकडचा निम्मा उतार राहिला, न्हाईतर तोही आरसा केला असता. पायथ्याच्या सोजरमावशीनं पोरांना माठातलं गार पाणी पाजलं, वर मला मेथीच्या जुड्या बांधून दिल्या. अशी मेथी पुण्यात मिळत न्हाई, सांग तिला.

रोहिदासरावांना म्हणावं, मेव्हण्याकडून झाडू मारायला शिका.

तुझा,
बन्सीदादा


वरवंड, ९ जून २०२४

ती. दादास,

मायाचा जयभीम. आम्ही बरी आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

गुरुवारी पाऊस झाला. तू झाडलेल्या उतारावर पाण्याला थोपवायला काहीच नव्हतं. थेंब पडला की माती उडायची, अन् सगळा गढूळ लोंढा सरळ सोजरमावशीच्या वाफ्यांत. मेथी, कोथिंबीर, सगळं गाळाखाली गेलं. पेट्रोल संपल्यामुळं राहिलेल्या बाजूनं थोडंच पाणी उतरलं, तेही निवळ. तीच झाडं, तोच पाऊस. सकाळी जाऊन तिथला पाला उचकला, तर खाली माती ओली, भुसभुशीत, बोट सहज आत गेलं. तुझ्या बाजूला वर कडक पापडी धरलेली, अन् ती फोडली तर खाली कोरडं.

रोहिदास म्हणाले, मेव्हणे झाडू मारायला शिकवत होते, मी शिकलो न्हाई ते बरं झालं. हसले न्हाईत मात्र.

मावशीचं पोट त्या तुकड्यावर चालतं, हे तुला ठाऊक आहे.  मी तिच्या दारावरून खाली मान घालून जाते. तू झाडत होतास तेव्हा मी टाळ्या वाजवत होते ना!

ये. माझ्याकडे नको, तिच्याकडे ये.

तुझी,
माया


सणसवाडी, १७ जून २०२४

चि. मायास,

जयभीम. आशीर्वाद द्यायला आज जीभ उचलत न्हाई.

तुझं पत्र वाचून आधी रागच आला. ढग फुटला, त्याला बन्सी काय करणार, असं तुला लिहायलाही बसलो होतो. मग काल तुला न कळवता येऊन गेलो. उतार पाहिला. झाडांची मुळं उघडी पडलीत, अंगावरचं पांघरूण ओढून घेतल्यासारखी. खाली मावशीच्या वाफ्यांत वाळलेल्या गाळाला भेगा.

तिच्या दारापर्यंत गेलो. आत सून माझा उद्धार करत होती. ते ऐकायची तयारी ठेवूनच आलो होतो. पण मावशी तिला दटावत म्हणाली की हळू बोल, मायाचा भाऊ हाय, त्यानं भल्यासाठीच केलं, कवा आला तर कुणी तोंड वाकडं करायचं न्हाई, आधी च्या टाकायचा. माया, साहेब लोक दाराआड काय बोलतात ते ऐकून मी धंदा वाढवला, कानांचा मला फार तोरा. काल वाटलं, बहिरा असतो तर बरं. शिव्या पचवल्या असत्या गं. तो चहा पचणार नव्हता. चपलाही न वाजवता माघारी फिरलो.

कंपन्यांच्या आवारातला पाला आम्ही रोज पोती भरभरून फेकून देतो. तो आता उतारावर पसरायला आणतो. पण त्यानं मेथी काही परत यायची न्हाई, अन् पोरं पाठवून मी घरी बसलो तर हे पुन्हा ठेकेदाराचंच काम होईल. रविवारी येतो. आधी मावशीच्या दारात. काय झालं ते माझ्या तोंडानं बोलेन, मग फावडं घेऊन तिच्या वाफ्यांतला गाळ काढेन. तिनं चहा दिला तर तोही खाली मान घालून पिईन.

लोभ आहे तेवढा राहू दे. वाढव म्हणण्यासारखं मी अजून काही केलेलं न्हाई.

तुझा,
बन्सी