पूर्वपक्षाची तीन मिनिटं

७ जानेवारी
पेपरात नोटीस. आमच्या मागचा मोकळा प्लॉट मैदानासाठी राखीव होता. आता आरक्षण उठवून सहामजली कॉम्प्लेक्स, खाली दुकानं. हरकती तीस दिवसांत. मैदानावर वीस वर्षांत कोणी खेळलेलं नाही. शेजारच्या रुख्माबाई तिथे मिरच्या वाळवतात. भिवापूरहून पोती आणायची, वाळवायची, कांडून तिखट विकायचं. हातमाग बंद पडल्यापासून घर त्यावरच चालतं.
हरकत मीच लिहिणार. सत्तावीस वर्षं संस्कृत शिकवतोय. संपादकांना लिहिलेली चौदा पत्रं छापून आली आहेत. एक तर संपूर्ण.

८ जानेवारी
रुख्माबाई आल्या. म्हणाल्या, मास्तर, तुमीच लिहा जी, आमाले साहेबासमोर बोलता येत नाही. मी म्हटलं, निश्चिंत राहा.
यमूचं म्हणणं, एका ओळीत लिहा, प्लॉट मोकळा राहू द्या म्हणून. बायकोला शास्त्रपद्धती कोण समजावणार. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षाही भक्कम मांडायचं. मग उत्तरपक्षात एका फटक्यात आडवं करायचं.

१९ जानेवारी, दुपार
पूर्वपक्ष सात पानं. पार्किंग, रोजगार, अंधाऱ्या कोपऱ्यावर दिवे. बिल्डरला सुचले नसते असे मुद्दे. ‘ओसाड भूमीला प्रयोजन लाभणे हाच नगराचा खरा शृंगार.’ हे वाक्य सुचलं आणि चहा निवला. हरकत नाही.
उत्तरपक्ष उद्यापासून.

२ फेब्रुवारी
उत्तरपक्ष उद्यापासून नक्की. पूर्वपक्ष नऊ पानं.

६ फेब्रुवारी
शेवटचा दिवस. उत्तरपक्ष दीड पान, ऑटोत बसून लिहिला. अक्षर खड्ड्यांप्रमाणे. कचेरीतल्या खिडकीवरच्या बाबूने विचारलं, बाजूने का विरोधात? मी म्हटलं, वाचल्यावर कळेल. त्याने पहिलं पान वाचलं, मान डोलावली, शिक्का मारला. रसिक माणूस.

१८ फेब्रुवारी
सुनावणी. रुख्माबाई स्वतः विणलेलं जुनं लुगडं नेसून आल्या होत्या. प्रत्येकाला तीन मिनिटं. मी रंगलो. पार्किंगच्या मध्यावर घंटी झाली. आणखी एक मिनिट मागितलं. साहेब म्हणाले, सर, मुद्दा पोचला. बिल्डरचा माणूस चेतन याने टाळ्या वाजवल्या. विरोधकालाही दाद द्यावीशी वाटली.
परतताना सक्करदरा चौकात रुख्माबाई म्हणाल्या, काहून जी मास्तर, तुमी तं त्यायच्याच बाजूनं बोलून राहिले होते. मी पूर्वपक्ष समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, मंग आपला पक्ष कोनं मांडला?
प्रश्न मार्मिक. पण उत्तर लेखी दिलेलं आहे. साहेब वाचतीलच.

११ मार्च
निकालाची प्रत मिळाली. हरकती तीन, फेटाळल्या. पाठिंबा एक. ‘स्थानिक विद्वान श्री. अनंत देशकर यांच्या सविस्तर विवेचनाशी समिती सहमत आहे.’
सविस्तर हा शब्द योग्य.
यमूने प्रत वाचली, घडी केली, माझ्या टेबलावर ठेवली. काही बोलली असती तर बरं झालं असतं.

२ एप्रिल, सकाळ
प्लॉटभोवती पत्र्याचं कुंपण लागलं. वर मोठा बोर्ड, त्यावर माझं वाक्य. माझं नाव नाही. ‘शृंगार’ मात्र शुद्ध छापलाय.
रुख्माबाई दोन पोती घेऊन दारात. मला काहीच विचारलं नाही, यमूला विचारलं, गच्चीवर मिरच्या घालू का वं बाई? यमूने एका शब्दात निकाल दिला. घाला.
सहा मजले उभे झाले की या गच्चीवरही ऊन नाही. हे मी नवव्या पानावर, तळटीपेत लिहिलं होतं.
मी मदतीला वर गेलो. रुख्माबाईंनी हातात काठी दिली. म्हणाल्या, मास्तर, तुमी इथं बसा अन् पाखरं हाकला. बोलू नका फक्त.

साडेअकरा
शिंका. दोन पोपट आले. बोललो नाही. टाळी वाजवली.