माळशेज घाटातलं कुंकू

टोकावड्याजवळून,
मंगळवार, २४ ऑगस्ट १९९९

श्री. साईनाथ यांस,

नमस्कार. वर 'सप्रेम' लिहावं की नाही यात माझा बराच वेळ गेला, म्हणून ते गाळलंच. इकडे सगळे बरे आहेत. लावणी आटोपली, म्हैस व्याली, घरात खरवस खाऊन सगळे कंटाळले. तुमच्या आईंना आणि मावशींना नमस्कार सांगा असं लिहिणार होते, पण हे पत्र त्यांच्या हाती पडू देऊ नका. तुमच्या कंपनीचा पत्ता तुमच्या बहिणीने, वैष्णवीने दिला. कशाला दिला ते तिलाच विचारा.

पंधरा ऑगस्टला तुम्ही सगळे किन्हवलीहून मला बघायला आलात की माळशेज बघायला, ते मला अजून कळलेलं नाही. मी बालवाडीचं झेंडावंदन उरकून धावतपळत घरी आले, साडी नेसले, पोहे केले. पोहे संपले आणि तुमच्या मावशी म्हणाल्या, "पाऊस हाय तवर धबधबं बघून येऊ, मंग निवांत बसू. पोरीला पन घ्या, ट्रॅक्समदी जागा हाय." मुलगी एकटी कशी जाणार म्हणून माझे चुलते, धाऊकाका, पुढे तुमच्याशेजारी बसले.

काकांना कोणी वाट दाखवायला सांगितली की त्यांच्या अंगात येतं. "त्यो बघा नाणेघाट. त्यो हरिश्चंद्रगड," असं ते नुसत्या धुक्याकडे बोट करून सांगत होते आणि मावशी त्या धुक्याचे फोटो काढत होत्या. धबधब्याखाली मुंबईची पोरं शर्ट काढून नाचत होती, एकेका गाडीत वेगळी टेप वाजत होती. मावशींनी कणीस घेतलं, त्याला तिखट कमी म्हणून परत केलं, दुसरं घेतलं. त्या दिवशी तुमच्या घरच्यांनी पुष्कळ काही पाहिलं. मागच्या सीटवरची मी तेवढी राहून गेले.

मग घाटातल्या देवीपाशी गाडी थांबली. मावशींनी देवीची ओटी भरली आणि वैष्णवीला व मला कुंकू लावून पदरात एकेक नारळ घातला. देवीची ओटी भरली की बरोबरच्या कुमारिकांनाही नारळ द्यायचा, ही तुमच्याकडची रीत, असं वैष्णवीने मला तिथेच सांगितलं. आमच्याकडे मात्र मुलाकडच्या बाईने मुलीला कुंकू लावून पदरात नारळ घातला की लग्न ठरलं. काका गाडीतच बसून होते. त्यांना काचेतून एवढंच दिसलं.

तुम्ही आम्हाला घरी सोडून गेलात, आणि तुमची गाडी वळणापलीकडे जाते न जाते तोच काकांनी गावात साखर वाटायला सुरुवात केली. मी म्हटलं, "काका, तो देवीचा नारळ होता. त्यांच्या वैष्णवीला पन दिला." तर म्हणाले, "तू गप गो. कुंकू लागलं, मी डोल्यानं बघितलंय." आईलाही सांगितलं. ती म्हणाली, मोठ्या माणसांना कळतं. सरळगावचे एकजण मला बघायला यायचे होते, त्यांना निरोप गेला की येऊ नका. आता बालवाडीतली पोरंसुद्धा मला विचारतात, बाई, नवरी कधी होणार?

मला याचा फार राग आला आहे. हातातलं काम धड होत नाही. भातात मीठ दोनदा पडतं, पोरांना गाणं शिकवताना मधलं कडवं सुटतं. रस्त्यावर जीप वाजली की उगाच ओट्यावर जाऊन उभी राहते आणि मग स्वतःवरच चिडून आत येते. आमच्या या रस्त्यावर पावसाळ्यात रविवारी किती जीपा वाजतात ते तुम्ही पाहिलंच आहे.

कोणाची वाट बघता, असं तुम्ही विचाराल. ते सांगायचं टाळत मी इथवर आले.

घाटात तुम्हाला गाडी लागली, तुम्ही उतरून कठड्यापाशी बसलात. मी पाण्याची बाटली घेऊन आले तेव्हा आधी ओशाळलात, मग म्हणालात, "सगले मला काय आवडतं ते सांगतायत. तुमाला काय पायजे ते कोनी इचारलंच नाय." मी म्हटलं, "मला बोगद्याच्या पलीकडं जायचंय. आमच्या गावच्या जीपा पाव्हन्यांना घेऊन इथवर येतात नि मागं वळतात. मी पन तशीच." तुम्ही हसला नाहीत. उठून ड्रायव्हरला म्हणालात, "पलीकडं चल जरा." मावशींनी उशीर होतोय म्हणून ते होऊ दिलं नाही. पण तुम्ही म्हणालात, हे मी ऐकलं आहे.

मला तुम्ही आवडलात. कुंकवामुळे नाही, नारळामुळे तर नाहीच.

म्हणूनच कळवते. येत्या रविवारी काका गावची चार माणसं घेऊन तुमच्याकडे तारीख धरायला येणार आहेत, तुळशीच्या लग्नानंतरची. ते ठरलं म्हणूनच बोलतील. तुमचा स्वभाव मी थोडा पाहिला आहे. गाडी लागली तरी तुम्ही ड्रायव्हरचीच माफी मागत होता. चार माणसांसमोर तुमच्याने नाही म्हणवणार नाही. तेव्हा मनात नसेल तर रविवारी घरी थांबू नका, आणि मावशींना खरं काय ते सांगायला लावा. इथे चार दिवस बोलतील, मोडलेली सोयरीक म्हणतील. आईला त्रास होईल, मलाही होईल. पण कोणाच्या तरी चुकीने तुमच्या घरात येऊन जन्मभर तुमचं तोंड बघत बसणं मला जमायचं नाही.

आणि मनात असेल, तर रविवारी काकांना होकार देऊ नका. त्याआधी इकडे या आणि मला विचारा. मी काय सांगेन ते मी आता लिहीत नाही.

उद्या मुरबाडला जाऊन पत्र टाकते. शनिवारच्या आत मिळावं.

काकांनी ठरवलंय म्हणून तुमची,
तुम्ही विचारेपर्यंत नुसती,

नम्रता