टाकीचं झाकण आणि पान चार

४ मार्च, मंगळवार
आजपासून रोजनिशी. कारण तसंच आहे. टाकीतलं पाणी मोजणाऱ्या सेन्सरच्या ड्रायव्हरचं मॅन्युअल इंटरनेटवर आहे, कुणीही दुरुस्ती सुचवू शकतं. माझी आज मंजूर झाली. पान तीन, राहिलेला पूर्णविराम. ड्रायव्हर म्हणजे सेन्सरचं बोलणं कॉम्प्युटरला समजावणारा प्रोग्रॅम, हे बायकोला तिसऱ्यांदा सांगितलं. तिने विचारलं, आपला सेन्सर डब्यातून बाहेर कधी येणार?
संकल्प: महिनाअखेर मॅन्युअलच्या आभार-यादीत माझं नाव.

५ मार्च
इलेक्ट्रिशियनने सेन्सर टाकीच्या झाकणाला आतून टांगला. मी शिडीखालून मार्गदर्शन केलं. माझा गुडघा दुखतो.
रविवारी सासू-सासरे राहायला येताहेत. सासरे निवृत्त प्लंबर. लग्नापासून माझ्याकडे गळक्या नळाकडे बघावं तसे बघतात. या वेळी बघतीलच.

६ मार्च
पान चारवर घोडचूक! म्हणे आकडा म्हणजे सेन्सरपासून पाण्यापर्यंतचं अंतर. आकडा जितका मोठा, तितकं पाणी कमी. इतकी वर्षं कुणाच्याच लक्षात आलं नाही? जास्त म्हणजे जास्त, हे शाळेतलं पोर सांगेल. दुरुस्ती पाठवली, सोबत दीड पान खुलासा.
बायको म्हणाली, एकदा झाकण उघडून बघ. शिडी चढायची नाही म्हणून तर सेन्सर आहे, हे तिला समजावणं सोडून दिलं.

७ मार्च, सकाळी ८
आकडा २२. टाकीने तळ गाठलेला. पंप लावला.
८.४० – शेजारीण सांगून गेली, तिचे वाळत घातलेले कपडे पुन्हा भिजले. पाइप फुटला असणार. पंप बंद. पाइपवाल्याला फोन करायचा आहे.

८ मार्च
आकडा ८५. पंप बंद असूनही टाकी भरते आहे! सगळ्यांच्या आंघोळी, वॉशिंग मशीन, तरीही. कारण शोधायला वेळ नाही, पण श्रेय कुणाचं ते उघड आहे. बायकोला पंपाला हात लावू दिला नाही.

९ मार्च, रविवार
आकडा १४८. टाकी काठोकाठ. सासऱ्यांना स्क्रीन दाखवला. ते हं म्हणाले आणि आंघोळीला गेले.
दहा मिनिटांनी बाथरूममधून विचारणा झाली, की साबण लावून झालाय, तर जावईबापू १४८ पैकी दोन बादल्या देतील का?
शेजारणीने दिल्या. मी सेन्सर सदोष असल्याचं जाहीर केलं.

१० मार्च
मॅन्युअल सांभाळणाऱ्या बाईंचं उत्तर आलं. खुलासा आवडला म्हणाल्या. पुढे फक्त विचारलं होतं, आपण झाकण उघडून पाहिलंत का?
चढलो. टाकी ठणठणीत कोरडी. शिडी सासऱ्यांनी धरली होती. फार लाज वाटली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

१२ मार्च
माझी दुरुस्ती नामंजूर. पण पान चारवर माझ्यामुळे एक नवं वाक्य आलं आहे: ‘आकड्याविषयी शंका आल्यास आधी झाकण उघडून पाहा.’ खाली कुणाचंही नाव नाही. सासऱ्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, हे कुणीतरी जाणत्या माणसाने लिहिलंय.
बायकोने ते वाक्य कागदावर उतरवून बाथरूमच्या दारावर चिकटवलं. कागद जरासा तिरका लागलाय. उद्या सरळ करीन.