बुधवारचा देव

कामतघर, भिवंडी

अहो,

नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मी ठणठणीत आहे. जिन्यात आलेली चक्कर किरकोळ होती, पण आपला केदार मला अजून तिकडे पाठवायला तयार नाही.

दर मंगळवारी सूनबाई मला रिक्षाने निजामपुऱ्यात एका काउन्सेलरकडे नेते. तासभर बोलायचं आणि घरी यायचं. दवाखान्यात राहायचं नाही. पोरगी जेमतेम पंचविशीची. म्हणे मला खाण्याचा आजार आहे. मी म्हटलं, "अगं, मी खातच नाही, तर आजार कसला?"

"आजी, तोच," ती म्हणाली.

मी तिला माझे उपास ऐकवले. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनीही अशी उलटतपासणी घेतली नव्हती. सोमवार कोणाचा? शंकराचा. मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा.

"आणि बुधवार?"

मला देवच सुचेना. "वजनकाट्याचा," असं तोंडातून निघून गेलं. तिने ते लिहूनही घेतलं, आगाऊ कुठली.

आता रोज तीनदा जेवायचं, तेही कोणासोबत तरी. मला संताप येतो, पण मी जाते.

तुम्हाला वाढून मी "नंतर जेवते" म्हणायची आणि तुम्ही पेपर उघडायचात. नंतर मी आत जाऊन कोरडंच ताट विसळायची. एवढी वर्षं तुम्हाला कळलं नाही, कारण मी कळू दिलं नाही.

मी आले की माझं पान तुमच्यासमोर घ्या. घास मोजू नका, शाबासकी तर मुळीच देऊ नका. फक्त माझं जेवण होईपर्यंत उठू नका.

तुमची,
विद्युल्लता