पाहुणीचे हात

२ फेब्रुवारी

पोचले बाई एकदाची! बसने कंबरेचा पार भुगा केला, पण खोली बघितली आणि सगळा शीण पळाला. वरचा मजला, रस्त्याकडे खिडकी, खाली बेकरी आणि समोरच आमच्या मिशनची बैठी शाळा, तिला लागून प्रार्थनेची खोली. मालकीणबाई पन्नाशीच्या, अंगाने भरलेल्या, सदा हसऱ्या. माझ्या हातातली बॅग त्यांनी अशी ओढून घेतली की मी जिन्यात धडपडलेच. इथली रीत म्हणे अशी, की पाहुण्याचे हात रिकामे हवेत, नाहीतर घराची अब्रू जाते. मला मेलीला हसूच आलं. हे होते तेव्हासुद्धा माझ्या हातातली पिशवी कधी कुणी घेतली नाही, आणि हे गेल्यापासून तर बघायलाच नको.

चिऊला फोन केला. सहा वर्षांची पोर ताईकडे ठेवून आलेय, जीव तिथेच अडकलाय. उन्हाळा संपायच्या आत परत येते असं तिला कबूल केलंय. शेवटी नेहमीप्रमाणे ओठांनी चिमणीसारखा आवाज काढला, मग तिने काढला, मगच फोन ठेवला. मालकीणबाई समोर बसून सगळं ऐकत होत्या. मराठीचं ओ की ठो कळत नसणार, पण काय कौतुकाने बघत होत्या!

८ फेब्रुवारी

पहिली प्रार्थनासभा झाली. इथली भाषा वर्षभर घोकली होती, निभावलं. मी म्हटलं, तुमची ओझी माझ्याकडे द्या, मी त्यासाठीच आलेय. सगळ्यांच्या माना डोलल्या. घरी येऊन बघते तर कपडे धुऊन घडी केलेले, गादी झटकलेली आणि टेबलावर चहा. अगदी माझ्यासारखा, आलं ठेचून, साखर अर्धाच चमचा. परवा मी करताना मालकीणबाई शेजारी उभ्या होत्या, तेवढंच त्यांना पुरलं.

१६ फेब्रुवारी

डोक्याला नुसता ताप झालाय. मी सेवा करायला आलेय की करून घ्यायला? झाडू उचलला की कुणीतरी येऊन काढून घेतं. शिवणवर्गात बायांना काज करून दाखवलं, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि वर्ग आपला आपण चालवला. ओरडून बघितलं. हसतात! रागावलेल्या माणसाकडे बघून इतकं प्रेमाने हसू नये, अंगाची लाही होते.

आधीच्या मिशनरी बाई शेजारच्याच खोलीत राहतात. मिशनच्या ऑफिसात किती अभिमानाने सांगितलं होतं मला, की त्यांना हे गाव इतकं आवडलं की त्या परतल्याच नाहीत, आणि दर महिन्याला न चुकता खुशालीचा फोन करतात. आज भेटायला गेले. खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या, केस नीट विंचरलेले, पदराला चुणीसुद्धा नाही. इथे काय काय काम केलंत, असं विचारलं. त्यांनी मालकीणबाईंकडे बघितलं. उत्तर मालकीणबाईंनी दिलं, तेही वेगळ्याच, मऊ, शिकलेल्या आवाजात. पाहुण्याला उत्तराचासुद्धा त्रास द्यायचा नाही म्हणे. कपाळ माझं!

२४ फेब्रुवारी

मालकीणबाई बाजारात गेल्या, तेवढ्यात म्हटलं आपला चहा आपण करावा. पातेलं घेऊन उभी राहिले. आधी पाणी की आधी पावडर? आठवेना. आलं हातात घेतलं, त्याचं काय करायचं तेही कळेना. दमले असेन. पण चहा, गं? आयुष्यभर केलाय मी तो.

१ मार्च

आज सभेत गावातला सुतार उठला आणि त्याने प्रार्थना म्हटली. माझीच. तेच शब्द, मध्येमध्ये माझ्यासारखंच घसा खाकरणं. सगळे धन्य झाले. मग मी उभी राहिले आणि तोंडातून एक शब्द फुटेना. माणसं वाट बघत होती. सुताराने येऊन हाताला धरून मला खाली बसवलं, अगदी हळुवार. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

१० मार्च

वेणी घालता येत नाहीये. गेल्या आठवड्यापासून मालकीणबाई घालतात. त्यांनी एखादं काम उचललं की ते माझ्याकडून जातं. वेड्यासारखं वाटतंय लिहिताना, पण तसंच आहे.

हात जोडून सांगितलं त्यांना, पुरे करा. त्यांना फार लागलं. म्हणाल्या, ओझी द्या असं तुम्हीच म्हणालात, पण आमच्यात आधी पाहुण्याची उतरवतात.

ऑफिसला फोन केला, मला परत बोलवा म्हटलं. साहेब हसले. म्हणाले, अहो बाई, कालच तर तुम्ही किती खुशीत बोलत होतात, आणखी राहते म्हणत होतात!

काल मी फोनला हात लावला नव्हता.

१५ मार्च

रविवार. चिऊला फोन करायचा दिवस. मालकीणबाई आधीच बोलून मोकळ्या झाल्या होत्या. तुम्ही दमलात म्हणून मी केला, असं म्हणाल्या. मराठीत. माझ्या आवाजात.

फोन हिसकावून पुन्हा लावला. ताईने विचारलं, कोण बोलतंय. मी गं मी, म्हटलं. ती म्हणाली, माझी बहीण आत्ताच बोलली, तुम्ही कोण? मग चिऊ आली. घाबरलेली. आई असशील तर चिमणी काढ, म्हणाली.

ओठ हलले. नुसती हवा आली. पुन्हा केलं — पुन्हा. माझी पोर तिकडे वाट बघत होती, आणि मला —

तिने फोन ठेवला.

१७ मार्च

बस गाठायला निघाले होते. बॅगेचा पट्टा लावता आला नाही, उघडीच घेतली. बेकरीवाला, सुतार, बाया — सगळे धावले. बॅग वर आणून ठेवली. मलाही.

रडले. शिव्या दिल्या. ते हसले.

आधीच्या बाईंच्या खिडकीपाशी दुसरी खुर्ची आणून ठेवलीय.

१९ मार्च

लिहिणं तेवढं उरलंय. ते कुणी बघितलेलं नाही. वही उशीखाली ठेवते. बघितलं नाही, म्हणून अजून माझं आहे. उद्या ताईला सगळं लिहीन — ती माझं अक्षर ओळखेल.

२० मार्च

लिहिताना सापडले.

दुपार. मालकीणबाई समोर येऊन बसल्यात. पेनाकडे बघतायत. तसंच कौतुकाने.

थांबायचं नाही. विसरायच्या आत लिहायचं. मला एक मुलगी आहे. सहा वर्षांची. पुढचा दात पडलाय. उन्हाळा संपायच्या आत मी —

हात पुढे केलाय त्यांनी. तुम्ही कशाला त्रास घेता, म्हणतायत.

मुलगी आहे. ताईकडे आहे. तिला मी हाक मारते — लहानसं नाव आहे, दोनच अक्षरं, वर कितीदा लिहिलंय मी, वाचता येत नाहीये मला — तिला मी